कच्चं उत्तर, पक्कं उत्तर

देवापुढे हात जोडून उभं राहिलं की माणसाला एकच उत्तर पुरतं. सरकारी टेबलापुढे उभं राहिलं की दोन लागतात, एक मनाला ठाऊक असलेलं आणि एक कागदावर उतरवण्याजोगं. यात पाप किती आणि पोटापाण्याची धडपड किती, ते वर बसलेला एकटाच जाणे. आपण पामरांनी निवाडा करू नये. पण या दोन उत्तरांच्या मधल्या फटीत एकदा एक सरळमार्गी बाई अडकली, तिची ही गोष्ट. ऐकताना हसू आलं तर खुशाल हसावं. तिला त्या दिवशी हसावं की रडावं तेच समजत नव्हतं.

बाई गुरांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाईच म्हणत. निम्मं आयुष्य गोठ्यांत गेलेलं. अडलेली गाय मोकळी करायला कोपरापर्यंत हात घालावा, आणि मग हात धुऊन मालकाच्या ओट्यावर चहा घ्यावा, हा तिचा संसार. तिच्या भागाचे सभागृहातले जुने सदस्य वारले आणि पोटनिवडणूक लागली. दोन मोठ्या पक्षांनी एकमेकांच्या इतक्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या की लोकांना दोघांचाही वीट आला, आणि तिसऱ्या पक्षाने नावाला उभी केलेली डॉक्टरीणबाई ध्यानीमनी नसताना निवडून आली. सभागृहात शपथ झाली, आणि कुणीतरी तिच्या नावापुढचं ‘डॉक्टर’ एवढंच वाचून तिला आरोग्य समितीवर टाकलं. अहो, मी गुरांची, असं तिने दोन-तीन जणांना सांगून पाहिलं. त्यांनी समजूत घातली की समितीत त्याने काही फरक पडत नाही.

ही समिती म्हणजे सभागृहाच्या सदस्यांचं एक मंडळ. ते आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारतं, काय केलंत, काय राहिलं, का राहिलं. अधिकारी उत्तर देतात, त्याला साक्ष म्हणतात. आज डॉक्टरीणबाईची पहिलीच साक्ष होती, आणि तिच्याकडे विचारायला एकच प्रश्न होता. पण त्या प्रश्नावर तिच्या थोरल्या बहिणीचं सगळं बिऱ्हाड टांगलेलं होतं.

ताईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. रक्त यंत्रातून शुद्ध करून घ्यायचं, डायलिसिस, ते दर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी लांबच्या शहरात. जाताना ताई जीपमध्ये बसून जायची आणि येताना मागच्या बाकावर मुटकुळं होऊन यायची. गावच्या रुग्णालयात डायलिसिसची यंत्रं आली होती, फीत कापली होती, पेढ्यांसारखे गोड शब्द वाटून झाले होते. आणि तेव्हापासून ती यंत्रं प्लास्टिकच्या कापडात गुंडाळून एका खोलीत बसली होती, लग्नाला निघालेल्या पण वरातच न आलेल्या नवऱ्यांसारखी. विचारलं की रुग्णालयातून उत्तर यायचं, लवकरच. निवडणुकीत डॉक्टरीणबाईनेही तेच पालुपद धरलं होतं, कारण तिला तेच सांगितलं गेलं होतं.

इकडे दाजींना, म्हणजे ताईच्या नवऱ्याला, टपाल कचेरीने शहरातल्या बदलीचं विचारलं होतं. हवी तर आज संध्याकाळपर्यंत हो म्हणा, नाहीतर जागा दुसऱ्याला. शहरात गेलं तर दवाखाना हाकेच्या अंतरावर. पण ताईचा पाय गावातून निघत नव्हता. सासूबाई अंथरुणाला, अंगणात हाताने लावलेलं सगळं, शेजारपाजार जन्माचा. ती म्हणाली, इथे सुरू होणारच असेल तर कशाला घरदार मोडू? आणि मग धाकटीच्या गळ्यात धोंडा बांधल्यासारखं बोलली, “चिमे, तू आता तिथलीच झालीस. विचारून ये. तू सांगशील ते मी करीन.”

तर डॉक्टरीणबाई सकाळच्या बसने येऊन पोचली, ती जरा लवकरच. सरकारी कचेरीच्या दोन इमारती होत्या, एक जुनी दगडी आणि एक नवी काचेची, आणि दोन्हींना वरच्या मजल्यावर एका बंदिस्त पुलाने जोडलेलं. दारावरच्या शिपायाला तिने आरोग्याची बैठक कुठे म्हणून विचारलं. त्याने मानेनेच जुन्या इमारतीकडे दाखवलं. त्या माणसाची काही चूक नव्हती. आरोग्याची एक बैठक तिथेही होतीच.

ती बैठक कसली, हे डॉक्टरीणबाईला माहीत नव्हतं, पण ऐकणाऱ्यांना अंधारात ठेवून गोष्ट सांगू नये, म्हणून सांगून टाकलेलं बरं. ती तालीम होती. साक्षीच्या आधी खातं आपल्याच घरात लुटुपुटीची साक्ष भरवत असे. खात्यातलाच एकजण अध्यक्ष व्हायचा, दुसऱ्या खात्यांतून दोन-चार माणसं उसनी आणून त्यांना सदस्य करायचे, म्हणजे प्रश्न ओळखीचे येत नाहीत. आणि फार पूर्वीच्या एका सचिवांनी नियम घालून दिला होता की तालमीत आधी कच्चं उत्तर द्यायचं आणि मग पक्कं. कच्चं म्हणजे खरं. पक्कं म्हणजे साक्षीत द्यायचं. त्यांचं म्हणणं, काय झाकायचं ते आधी उघडं करून पाहा, नाहीतर नको ते झाकाल आणि नेमकं हवं ते उघडं राहील. मोठा धोरणी माणूस असणार. या नियमामुळे त्या खोलीत अधूनमधून जितकं खरं बोललं जाई, तितकं साऱ्या दगडी इमारतीत वर्षभर बोललं जात नसे.

आज पशुसंवर्धन खात्यातून एक बाई सदस्य व्हायला येणार होती. ती आलीच नाही. आली डॉक्टरीणबाई.

खोलीत लांब टेबल, मध्ये पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर बंद पडलेला पंखा आणि त्याखाली चालू असलेला दुसरा. टेबलाच्या टोकाला खात्याच्या सचिवबाई बसल्या होत्या, चष्मा कपाळावर सरकवून. त्यांनी दारात घुटमळणाऱ्या बाईकडे पाहिलं आणि विचारलं, पशुसंवर्धनच्या का?

“हो, गुरांचीच डॉक्टर,” ती म्हणाली. आपली कीर्ती इथवर पोचली याचं तिला जरा नवल वाटलं.

सचिवबाईंनी तिला उशीर झाल्याबद्दल गोड शब्दांत टोचलं, ‘सदस्य’ अशी पाटी ठेवलेल्या खुर्चीवर बसवलं, आणि बजावलं की इथे कुणाची भीडभाड ठेवायची नाही, जितकं आडवंतिडवं विचाराल तितकं आमच्यावर उपकार. डॉक्टरीणबाईला भरून आलं. खात्याबद्दल लोक काय काय बोलतात, आणि प्रत्यक्षात ही माणसं किती मोकळ्या मनाची, असं तिला वाटलं.

अध्यक्षांच्या जागी लेखाशाखेतले एक अगडबंब गृहस्थ बसले होते. घरी बायकोपुढे ब्र काढत नसत म्हणे, पण तालमीत अध्यक्ष झाले की असे गरजत की टेबलावरच्या बाटल्या थरथरत. डॉक्टरीणबाईला वाटलं, समितीचे अध्यक्ष ते हेच. आल्या आल्या त्यांनी औषधखरेदीवरून समोरच्या अधिकाऱ्याला असं फैलावर घेतलं की तिने मान खाली घातली. आणि अधिकारी म्हणाला, हो, औषधं उशिरा मागवली, आम्ही विसरलो. मग सचिवबाई म्हणाल्या, छान, आता पक्कं. मग तोच अधिकारी त्याच तोंडाने म्हणाला की पुरवठादाराकडील तांत्रिक अडचणींमुळे किंचित विलंब झाला. अध्यक्षांनी समाधानाने मान डोलावली.

डॉक्टरीणबाई गोंधळली. तिने बाजूच्या सदस्याकडे पाहिलं. तो कागदावर मासे काढत बसला होता. मत्स्य खात्यातून आलेला होता, पण तिला ते काय माहीत.

मग तिची पाळी आली. समोर बसले होते खात्याचे उपसंचालक. किडकिडीत अंगाचे, भर उन्हाळ्यातही अर्ध्या बाह्यांचा स्वेटर घातलेले, तोंडावर असा भाव की जन्मभर दुसऱ्याची छत्री सांभाळत उभे आहेत. डॉक्टरीणबाईने घसा खाकरला आणि गावचं नाव सांगून विचारलं, डायलिसिसची यंत्रं आली आहेत, केंद्र कधी सुरू होणार?

“नाही होणार,” उपसंचालक म्हणाले.

इतक्या सहज, की कुणी विचारावं पाऊस पडतोय का आणि कुणी खिडकीतून बघून नाही म्हणावं. ते पुढे समजावून सांगू लागले. या यंत्रांना अतिशय शुद्ध पाणी लागतं आणि भरपूर लागतं. त्या रुग्णालयाच्या विहिरीचं पाणी मचूळ. ते शुद्ध करायची यंत्रणा मंजूर झालेली नाही, होण्याचं चिन्ह नाही, कारण पुढच्या मोठ्या गावात ती आधीच आहे. ही यंत्रं तिकडेच हलवायची ठरलं आहे, फक्त हलवायची कशी आणि कधी, लोकांच्या डोळ्यांवर येऊ न देता, तेवढंच बाकी आहे.

“मग हे लोकांना सांगत का नाही?”

“बाई, फीत कापली आहे,” उपसंचालक म्हणाले. “कापलेली फीत परत जोडता येत नाही.”

खोलीत कुणीतरी हसलं. डॉक्टरीणबाईला मात्र ताईचं अंगण आठवलं. पण त्या आठवणीच्या तळाशी एक विचित्र हलकेपणाही होता. दुखतं कुठे ते एकदाचं हाताला लागलं की गोठ्यात तिला वाटे, तसा. नाही तर नाही. ताईला सांगता येईल. ती उठून जाणारच होती, तेवढ्यात सचिवबाई म्हणाल्या, उत्तम, आता पक्कं होऊ दे.

उपसंचालकांनी पाठ ताठ केली. म्हणाले, सदर केंद्र सुरू करण्याबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर असून ते लवकरच कार्यान्वित होईल.

अध्यक्ष म्हणाले, ‘लवकरच’ मागच्या खेपेला वापरलंय. त्यावर जरा चर्चा झाली. एकाने ‘यथावकाश’ सुचवलं, ते फार लांबचं वाटतं म्हणून नाकारलं. शेवटी ‘नजीकच्या काळात’ यावर सगळ्यांचं जमलं.

“पण तुम्ही आत्ता तर नाही म्हणालात,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

हशा पिकला. सचिवबाई खूश होऊन म्हणाल्या, वा, अगदी खऱ्या सदस्यासारखं करता तुम्ही, तो भाबडा चेहरा तर झकास. पुढच्या वेळीही यांनाच बोलवा, असं त्यांनी कुणाला तरी सांगितलं. डॉक्टरीणबाईच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खऱ्या सदस्यासारखं म्हणजे काय? पोटनिवडणुकीत आलेला सदस्य खरा नसतो की काय? नवीन माणसाची थट्टा करायची इथली रीत असेल, असं म्हणत तिने गिळून टाकलं. पण डोक्यात मात्र भुंगा लागला. होणार की नाही होणार? एकाच माणसाने, एकाच खुर्चीतून, एकाच दमात दोन्ही सांगितलं होतं, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं. आडात एक आणि पोहऱ्यात भलतंच, असा आड तिने पाहिला नव्हता.

चहा झाला आणि सगळे भराभर कागद आवरून निघून गेले. झालं वाटतं, म्हणून तीही बाहेर आली, आणि ताईला काय सांगावं या विचारात जिन्याशी उभी राहिली. फोन हातात धरला, परत पिशवीत टाकला. नाही सांगावं तर शेवटचा शब्द ‘होणार’ होता. हो सांगावं तर पहिला शब्द ‘नाही’. इतक्यात एक गणवेशातला मदतनीस धापा टाकत आला. बाई, तुम्ही नव्या सदस्य ना? अहो, समिती तिकडे पुलापलीकडे बसली आहे, अध्यक्ष तुमची वाट बघतायत.

आत्ता तर झाली, असं ती म्हणाली. तो म्हणाला, छे, आता सुरू होतेय. देवा रे, एका दिवसात दोनदा असते की काय, असं म्हणत ती त्याच्यामागून चालत सुटली.

पुलापलीकडची खोली थंडगार होती, आणि टेबल इतकं गुळगुळीत की त्यात स्वतःचं तोंड दिसावं. अध्यक्षांच्या खुर्चीत कुणी वेगळेच बसले होते, पांढऱ्या भुवयांचे, हसऱ्या तोंडाचे, आजोबांसारखे. त्यांनी तिला नावानिशी हाक मारून जवळ बसवलं. तिच्यापुढे पाटी होती, आणि या पाटीवर तिचं स्वतःचं नाव होतं. समोर अधिकाऱ्यांच्या रांगा. मागच्या रांगेत, मांडीवर कागदांचा गठ्ठा घेऊन, सकाळचे अध्यक्ष बसले होते, आवाज गेल्यासारखे गप्प. तासाभरात यांना पदावरून काढलं की काय, असं तिच्या मनात आलं. आणि पहिल्या रांगेत सचिवबाई, आणि त्यांच्या शेजारी तो अर्ध्या बाह्यांचा स्वेटर.

उपसंचालकांनी मान वर केली आणि त्यांना ती दिसली. मग तिच्यापुढची पाटी दिसली. माणूस पांढरा होताना तिने पूर्वी पाहिला होता, पण इतका सावकाश नाही. त्यांनी सचिवबाईंच्या बाहीला बोट लावलं. सचिवबाईंनी पाहिलं, आणि त्यांचा कपाळावरचा चष्मा आपोआप डोळ्यांवर उतरला.

आता कुठे डॉक्टरीणबाईच्या डोक्यात दिवा मिणमिणला. ही बैठक होती. मग ती कसली होती? आणि बैठक ही असेल, तर खरं उत्तर तिथलं की इथलं?

औषधांचा प्रश्न निघाला, तांत्रिक अडचणी निघाल्या, किंचित विलंब निघाला. शब्दाला शब्द सकाळचाच. समितीतले एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांना सगळे काकासाहेब म्हणत आणि जे साक्षीत डुलकी काढण्याबद्दल प्रसिद्ध होते, त्यांनी डोळे न उघडता, बरं, म्हटलं. मग अध्यक्ष तिच्याकडे वळले. नव्या सदस्यांना काही विचारायचंय?

तिने विचारलं. तोच प्रश्न, कारण दुसरा नव्हताच.

उपसंचालक उभे राहिले. सकाळी बसून बोलले होते. “सदर केंद्र सुरू करण्याबाबतची कार्यवाही प्रगतिपथावर असून,” इथे ते थांबले, पाण्याचा घोट घेतला, “ते नजीकच्या काळात कार्यान्वित होईल.” आणि खाली न बसता तसेच उभे राहिले.

तासापूर्वी तुम्ही नाही म्हणालात, एवढं वाक्य तिच्या जिभेवर होतं. उच्चारलं असतं तर काय झालं असतं, ते तिला नीटसं माहीत नव्हतं, पण तो माणूस खाली बसायचंही विसरला होता, ते तिला दिसत होतं. बुजलेलं जनावर तिला ओळखू यायचं. दांडकं उगारलं की ते आणखी कोपऱ्यात जातं, आणि दुखरा पाय पोटाखाली घेतं. शिवाय तिला कुणाला पकडून द्यायचं नव्हतंच. संध्याकाळच्या आत एका प्रश्नाचं उत्तर हवं होतं. मग तिने तोच विचारला, घरात विचारावा तसा.

“साहेब, माझी थोरली बहीण डायलिसिसवर आहे. तिच्या नवऱ्याला शहरात बदली मिळतेय. आजच हो की नाही सांगायचंय. आमचं केंद्र सुरू होईल म्हणून ती थांबलीय. तिने थांबावं की जावं?”

सचिवबाई समोरच्या बाटलीकडे पाहत राहिल्या. हा प्रश्न तालमीत आलेला नव्हता. त्याला ना कच्चं तयार होतं ना पक्कं.

“जावं,” उपसंचालक म्हणाले.

अध्यक्षांनी भुवया उंचावल्या. म्हणजे केंद्र होणार नाही, असं का?

“केंद्र नजीकच्या काळात होणार आहे, साहेब.”

“मग बहिणीने का जावं?”

“थांबू नये म्हणून,” उपसंचालक म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर असा भाव आला की आपण काय बोललो ते त्यांनाही आत्ताच कळतंय.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. साक्ष टिपून घेणारी लघुलेखिका बोटं अधांतरी धरून त्यांच्याकडे पाहत होती. तिने हळूच विचारलं की दोन्ही लिहायचं का. ते म्हणाले, लिहा, दोन्ही बोलले आहेत ते. सचिवबाई उठल्या आणि अतिशय नम्रपणे म्हणाल्या की खात्याचं उत्तर पहिलं, दुसरा हा उपसंचालकांचा केवळ वैयक्तिक सल्ला. ते ठीक, अध्यक्ष म्हणाले, पण त्यांच्या आवाजात काही ठीक वाटत नव्हतं.

आणि अशा वेळी काकासाहेबांनी डोळे उघडले.

“आमच्याकडचं प्रसूतिगृह,” ते म्हणाले. “ते पण नजीकच्या काळातच आहे ना? सुनेला सातवा लागलाय. तिने माहेरी जावं का?”

उपसंचालकांनी सचिवबाईंकडे पाहिलं. सचिवबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मनाई कशाची करणार? खात्याचं उत्तर तर जिथल्या तिथे होतं, त्याला कुणी हात लावला नव्हता.

“जावं,” उपसंचालक म्हणाले. “लगेच. रस्ता खराब व्हायच्या आत.”

मग धरण फुटलं म्हणा ना. एकाने विचारलं, आमच्या रुग्णवाहिकेची दुरुस्ती अंतिम टप्प्यात आहे, तर वडिलांसाठी शेजाऱ्याची गाडी सांगून ठेवावी का? ठेवावी. दुसऱ्याने विचारलं, क्षकिरण यंत्राचा सुटा भाग मार्गस्थ आहे, तर मोडलेला हात घेऊन माणसाने थांबावं का? थांबू नये. दातांच्या डॉक्टरांची नेमणूक विचाराधीन आहे, तर मावशीने दात काढून घ्यावा का? इथे उपसंचालक पहिल्यांदा जरा हसले. म्हणाले, नेमणूक खरोखर झाली आहे, सोमवारी येतायत, मावशींनी सोमवारपर्यंत कळ काढावी. मागच्या रांगेतून लेखाशाखेच्या गृहस्थांनी हलकेच, मंगळवार, असं दुरुस्त केलं.

डॉक्टरीणबाई ऐकत होती आणि तिला काही म्हणता काही कळत नव्हतं. सरकारला विचारलं तर सगळं होणार होतं. सुनेबद्दल, मावशीबद्दल, बापाबद्दल विचारलं तर निम्मं होणार नव्हतं. आणि माणूस तोच, जीभ तीच, उभा तिथेच. वैकुंठीच्या राण्याने माणूस घडवताना त्याच्या पोटात किती कप्पे ठेवले असतील, ते त्यालाच ठाऊक. शेवटी अध्यक्षांनी घड्याळ पाहून साक्ष आवरती घेतली. जाता जाता लघुलेखिकेला म्हणाले, आजचं सगळं मला आधी दाखवा, मला नीट वाचायला हवं. मग जरा थांबून पुटपुटले, एकदा नाही, दोनदा.

बाहेर पुलावर उपसंचालक तिला गाठायला आले. स्वेटरची बाही ओढत म्हणाले, बाई, तुम्ही पशुसंवर्धनच्या नव्हतात.

ती म्हणाली, मी गुरांची डॉक्टर म्हटलं होतं. ते खरं आहे.

त्यांनी मान हलवली. मग तिने विचारलं की तुम्हाला आता काही होणार तर नाही ना. ते विचारात पडले. “माहीत नाही,” म्हणाले. “तसं पाहिलं तर मी चुकीचं उत्तर एकही दिलेलं नाही.” कोणतं उत्तर, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही. सचिवबाईंची हाक आली तसे ते लगबगीने परत फिरले.

तिने ताईला फोन लावला.

ताईने पहिल्याच घंटीला उचलला. फोनपाशीच बसली होती वाटतं. काय म्हणाले, तिने विचारलं.

“ताई, बदली घ्या.”

“म्हणजे इथे होणार नाही?”

“होणार आहे म्हणाले.”

“अगं मग?”

“तू जा म्हणालेत.”

पलीकडे दाजींचा आवाज, काय म्हणतेय ती, आणि ताईचा आवाज, काय की, गोळ्या घेऊन बोलतेय वाटतं. मग ताई परत फोनवर आली आणि थोरल्या बहिणी बोलतात त्या आवाजात म्हणाली, “चिमे, नीट सांग. मी तुझ्या जिवावर सासूबाईंना उचलून न्यायची. होणार आहे की नाही?”

डॉक्टरीणबाईने पुलाच्या काचेला कपाळ टेकलं. खाली दोन इमारतींच्या मधल्या अंगणात माणसं ये-जा करत होती, कोण कुठून कुठे जातंय त्याचा काही मेळ लागत नव्हता. दिवसभरात पहिल्यांदाच तिला दोन उत्तरांपैकी एक निवडावं लागलं, आणि आश्चर्य म्हणजे ते जड गेलं नाही.

“नाही होणार, ताई. पाणी मचूळ आहे. यंत्रं नेणार आहेत इथून.”

ताई आता रडते की काय, असं वाटलं. पण ती म्हणाली, बरं. मग म्हणाली, सासूबाईंची खाट जिन्यावरून कशी न्यायची कोण जाणे. मग दाजींना काहीतरी सांगितलं, आणि दाजींच्या चपलांचा आवाज दाराकडे गेला, टपाल कचेरीच्या दिशेने. डॉक्टरीणबाईने सुटकेचा श्वास घेतला आणि फोन ठेवणार, तोच ताई म्हणाली,

“आणि जीपमधल्यांना काय सांगू?”

“कुणाला?”

“अगं, माझ्याबरोबर येतात ते. कुंभारीण, तो शाळेतला शिपाई, आणि ती नवी पोर, लग्न ठरलंय तिचं. तेही थांबलेत. तुझ्या सभेत ऐकलं होतं ना त्यांनी. त्यांना बदली कोण देणार?”

त्या पोरीचं लग्न ठरल्याचं तिला ठाऊकही नव्हतं.

“तू काही सांगू नकोस,” ती म्हणाली. “मी येते. मी सांगते त्यांना.”

“काय सांगशील?”

“विहिरीचं पाणी मचूळ आहे, एवढं तर सांगते. पुढचं त्यांच्याबरोबर बसूनच ठरवावं लागेल.”

ताई म्हणाली, लवकर ये मग. डॉक्टरीणबाईने पिशवी खांद्याला लावली आणि शहराकडे जाणारी जीप ताई गेल्यावर बाकीच्यांना परवडेल का, त्यांना शहरात मुक्कामाला कुठे ओळखीचं घर आहे का, याचा विचार करत जिना उतरू लागली.